दुसऱ्या ब्रेकची बाई

गावात जो कोणी गाडी चालवतो, तो कधी ना कधी गाडी शिकवणाऱ्या ब्रेकबाईंच्या शेजारी घाम पुसत बसलेला असतो. पाववाला बसला आहे, दवाखान्यातली नर्स बसली आहे. शाळेचे हेडमास्तर तर चौकातल्या गोल बगिच्याला फेऱ्या मारमारून, बाहेर कसं पडायचं तेच न कळल्यामुळे रडकुंडीला आले होते. "सर, तुम्ही पृथ्वी नाही आणि तो बगिचा सूर्य नाही. वळायचा दिवा द्या आणि सुटा एकदाचे!" हे बाईंचं वाक्य त्यांच्याच शाळेतली पोरं अजून मधल्या सुट्टीत आवाजासकट करून दाखवतात.

बाईंचं बोलणं म्हणजे भरधाव येऊन कचकन थांबणं. "आरसा. आरसा! अरे, तो केस विंचरायला नाही दिलेला. मागे कोण आहे? कोणी नाही? मग तो ट्रक काय माझ्या माहेरून आलाय?"

पण बाईंचं खरं कसब तोंडात नव्हतंच. ते होतं उजव्या पायात. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटखालीही एक ब्रेक असतो आणि तो बाई इतका हळुवार दाबायच्या की शिकणाऱ्याला पत्ताच लागायचा नाही. समोर कुत्रं आलं, पोरगं स्टिअरिंगला घोरपडीसारखं चिकटलं, की गाडी आपोआप, सायीवर बोट ठेवावं तशी थांबायची. लगेच बाई म्हणायच्या, "बघ! थांबवलीस की नाही छान?" पोरगं फुलून यायचं. बाईंचं म्हणणं असं की आत्मविश्वास हे रोपटं आहे, त्याला पाणी कोणी घातलं हे रोपट्याला सांगायचं नसतं.

रस्त्यावर हे ठीक होतं. पण गेल्या हिवाळ्यात बाईंच्या नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला आणि तो दुसरा ब्रेक घरात शिरला.

नवरा फोटोंना चौकटी करणारा. सगळा गाव त्यांना फ्रेमवाले म्हणायचा. बाजारातल्या बोळात त्यांचं दुकान, एवढंसं, पण आत गेलं की चारी बाजूंनी लाकडी पट्ट्या भिंतीला टेकून उभ्या, मध्ये जाड लोकरी नमदा अंथरलेलं टेबल आणि खिळ्याला टांगलेली काच कापायची हिरकणी. लग्नांचे, बारशांचे, गेलेल्या माणसांचे फोटो त्यांच्या हातून चौकटीत बसून घरोघर गेले होते. झटक्याने त्यांचा उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला होता. पुढे दोन्ही हळूहळू परत आले, पण उशिरा पोचलेल्या पाहुण्यांसारखे, अवघडून. बोलणंही तसंच. शब्द आतून निघायचा, दाराशी येऊन चपला शोधत बसायचा, आणि मग बाहेर यायचा. ऐकणाऱ्याने तेवढा दम धरायला हवा.

बाईंना तो दम नव्हता. फ्रेमवाले "ग..." म्हणाले की गरम पाणी पुढे. "चा..." म्हणाले की चादर, चावी आणि चहा तिन्ही हजर. शिवाय छुपा कारभार वेगळाच. पाण्याच्या बाटलीचं झाकण बाई आधीच सैल करून ठेवायच्या. शर्टांची काजं कात्रीने हळूच मोठी केली होती. न्हाणीघराची कडी कशी कोण जाणे, मोडली होती. आणि फ्रेमवाल्यांनी झाकण फिरवलं, बटण घातलं, की बाईंची टाळी. "अहो, जमलं की तुम्हाला!"

फ्रेमवाले हसायचे. लहान पोराला सायकल यायला लागल्यावर ते जसं हसतं तसं.

प्रश्न दुकानाचा होता. शेजारच्या मोबाइलवाल्याला ते हवं होतं. तो दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मधात बुडवून बोलायचा. "काकू, घाई अजिबात नाही. काकांना विचार करू दे, निवांत करू दे, फक्त रविवारपर्यंत करू दे." फ्रेमवाल्यांना दुकान पुन्हा उघडायचं होतं. बाईंना डोळ्यांसमोर काच दिसायची, त्या काचेवर थरथरता उजवा हात, आणि पुढचं दिसायच्या आत त्या डोळे मिटून घ्यायच्या. नवऱ्याला न सांगता त्यांनी मोबाइलवाल्याला "बहुतेक होच समजा" असं सांगूनही टाकलं होतं.

फ्रेमवाल्यांचा व्यायाम घ्यायला येणाऱ्या मुलीने मार्ग सुचवला. घरातल्या फरशीवर चालून काही कळणार नाही, म्हणाली. डोंगरात नदीकाठची सोपी वाट आहे, झुलत्या पुलापर्यंत जाऊन या. दगड, मुळं, थोडा चढ, थोडा उतार, पायाला काय येतं काय नाही ते पायच सांगेल. बाईंनी त्यावर लगेच अट घातली. "पुलापर्यंत जाऊन आलात, तर सोमवारी दुकान उघडा. नाही जमलं, तर हट्ट सोडायचा आणि गाळा मोबाइलवाल्याला द्यायचा. कबूल?"

फ्रेमवाल्यांच्या तोंडून शब्द निघायला वेळ लागला, पण मान ताबडतोब हलली.

रविवारी सकाळी बरोबर ताईही आल्या. ताई म्हणजे फ्रेमवाल्यांची थोरली बहीण. केस पांढरे, पिशवीत संत्री, उकडलेली अंडी आणि थर्मास, आणि तोंडाला ब्रेक नाही, ना पहिला ना दुसरा. साठीतल्या भावाला त्या अजून छोट्या म्हणायच्या.

वाटेच्या तोंडाशी लाकडी पाटी होती: ‘सोपी वाट. सर्व वयोगटांसाठी.’

"वहिनी, त्या सर्वांत मी धरलीय का ते नीट वाच बाई," ताई म्हणाल्या. "नाहीतर मधूनच हाकलतील."

"ताई, तुम्हाला हाकलायला डोंगरच उठून यावा लागेल."

"ऐकलंस छोट्या? तुझ्यासमोर बोलते, तुझ्यासमोर!"

फ्रेमवाले काठी डाव्या हातात धरून पुढे निघालेही होते.

वाट खरंच सोपी होती. रुंद, झाडांच्या सावलीतली, पायाखाली सुयांसारखा वाळका पाला. एका अंगाला नदी गोट्यांवरून खळखळत होती, पाणी इतकं स्वच्छ की तळाचा एकेक दगड धुऊन मांडल्यासारखा दिसावा. बाई नवऱ्याच्या अधू बाजूने, अर्धं पाऊल मागे चालत होत्या. वाटेत मूळ आलं की तोंडाने काही नाही, पण त्यांचा उजवा पाय जमिनीवर घट्ट दाबला जायचा. दगड आला, दाब. उतार आला, लांब दाब.

ताईंच्या नजरेतून काही सुटत नसे. "वहिनी, काय गं, ब्रेक दाबतेस की काय? जमिनीला?"

"छे! बुटात खडा गेलाय."

"मग काढ की. मघापासून तुडवतेयस बिचाऱ्याला."

थोडं पुढे एक ओढा नदीला मिळत होता. पाणी घोट्याइतकंच, पण ओलांडायला चपटे दगड टाकलेले आणि दगडांच्या कडांना शेवाळ. फ्रेमवाले थांबले. काठी टेकली, डावा पाय टाकला. मग उजवा, ओढत, वळवत, पण बरोबर दगडाच्या मध्यावर. पुन्हा काठी. पुन्हा डावा. पलीकडच्या काठाला लागेपर्यंत कोणी श्वास घेतला नाही. ताईंनीसुद्धा नाही, यावरून काय ते समजा.

पलीकडे एक आडवा ओंडका होता. तिघं तिथे टेकले. ताईंनी संत्रं सोललं. फ्रेमवाल्यांचा चेहरा असा उजळला होता की बाईंना तिकडे बघवेना.

"आलो," ते म्हणाले. पुढचा शब्द दाराशी आला, रेंगाळला आणि बाहेर पडला. "एकटा."

"एकटा कुठला, छोट्या!" ताई संत्र्याची फोड चघळत म्हणाल्या. "मागून जॅकेटचं शेपूट धरलं होतं की तुझं, वहिनीनं! अगदी दोन बोटांत, असं. मला वाटलं, आता हा पतंगासारखा उडतो आणि ही..."

आणि इथे, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, ताईंना आपलं बोलणं बोलल्यानंतर का होईना, पण ऐकू आलं. त्यांनी दुसरी फोड तोंडात कोंबली.

फ्रेमवाले बायकोकडे वळले.

"धरलं... होतंस?"

"छे हो," बाई सवयीने म्हणाल्या. इतकी वर्षं हेच तर म्हणत आल्या होत्या, घाम फुटलेल्या प्रत्येक शिकाऊ पोराला. पण हे काही पोरगं नव्हतं. "जरासं. नुसतं लावून ठेवलं होतं. ओढलं नाही काही."

"बाटलीचं... झाकण?"

बाई नदीकडे बघायला लागल्या.

"बटणं?"

"काजं जरा घट्टच होती त्या शर्टांची. आधीपासूनच."

"कडी?"

"ती मोडली."

"मोडली," फ्रेमवाले म्हणाले. तेवढा एक शब्द मात्र अजिबात न अडखळता आला.

फ्रेमवाल्यांनी उजवा हात मांडीवर उताणा ठेवला आणि त्याच्याकडे असं बघितलं, जणू कोणी गिऱ्हाइक फोटो देऊन गेलंय आणि फोटो कोणाचा ते ओळखू येत नाही.

"मग मी... काय केलं?" ते म्हणाले. "इतक्या... दिवसांत. मी काय केलं आणि... तू काय केलंस... मला कसं... कळणार?"

रोपटं, पाणी वगैरे बाईंच्या ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं.

फ्रेमवाले उठले. काठी सावरली. "आता मी... पुढे. तुम्ही दोघी मागे. लांब." त्यांनी काठीनेच अंतर दाखवलं. मागे एक मोठा काळा दगड होता, तेवढं अंतर कायम ठेवायचं, मी दिसेन एवढंच, हाक मारायची नाही. एवढं सगळं बोलायला त्यांना पुष्कळ वेळ लागला आणि या वेळी बाईंनी एकही वाक्य पुरं करून दिलं नाही.

ते निघाले. बाई थांबल्या. थांबणं म्हणजे काय ते त्यांना त्या दिवशी कळलं. इतरांना थांबवत आयुष्य गेलं, स्वतःला थांबवायची वेळ पहिल्यांदाच येत होती.

"रागावला गं," ताई कुजबुजल्या. ताईंची कुजबूज म्हणजे साधारण इतरांचं बोलणं. "माझ्यामुळे. माझी जीभ म्हणजे ना, एक दिवस कोणीतरी चौकटीत घालून भिंतीला लावायला हवी."

"तुमची जीभ कुठल्या चौकटीत मावेल, ताई?" बाई म्हणाल्या, पण त्यात नेहमीचा कचका नव्हता. डोळे पुढच्या पाठीवर होते.

पाठ जात होती. डावी बाजू पुढे, उजवी मागून येऊन मिळत. मध्येच थांबत. पुन्हा चालत. वाटेला चढ आला, पाठ चढली. ताईंनी अंडं पुढे केलं, बाईंनी ते हातात घेतलं आणि खायचं विसरून तसंच धरून चालत राहिल्या.

पुढे दुसरा ओढा होता. या ओढ्यावर दगड नव्हते, एक रुंद फळी टाकलेली होती. फळीच्या पलीकडे झाडांमधून झुलत्या पुलाचे दोर दिसायला लागले होते. फ्रेमवाले फळीवर चढले. दोन पावलं टाकली. ओलांडून पलीकडच्या काठावर उतरले आणि उतरल्या उतरल्या त्यांचं अंग एका बाजूला झुकलं.

बाईंचा पाय पडला. विचार वगैरे नाही, तो वाटेत लागतच नाही. इतक्या वर्षांचा पाय, सगळ्या गावाला थांबवणारा पाय, पूर्ण ताकदीनिशी खाली गेला. खाली होता ओढ्याच्या अलीकडच्या काठावरचा शेवाळलेला गोटा. गोटा जागचा हलला नाही. पाय हलला. मग बाई हलल्या. काठावरून घसरून, अंडं हवेत आणि स्वतः ओढ्यात, बसल्या बैठकीत धप्पकन!

"वहिनी पडली!" ताई ओरडल्या. "छोट्या! वहिनी पडली रे! अंडं पण!"

फ्रेमवाले पडत वगैरे काही नव्हते. पलीकडे झाडाच्या खोडावर रंगीत बुरशीचा एक पंखा उगवला होता, तो नीट दिसावा म्हणून ते वाकले होते, इतकंच. हाक ऐकून ते वळले, फळीवर आले, फळी ओलांडली आणि अलीकडे काठावर येऊन उभे राहिले.

पाण्यात बसलेल्या बाईंनी ते पाहिलं. घोट्यातून कळा येत होत्या, पाणी बर्फासारखं होतं आणि दातांवर दात आपटत होते. तरीही त्यांच्यातल्या शिकवणाऱ्या बाईने पाहिलं. पोरगं गाडी शिकलं हे परीक्षेत कधीच कळत नाही. रस्त्यात कोणीतरी अचानक आडवं येतं, बाईंचा पाय ब्रेककडे निघतो, आणि पोचेपर्यंत गाडी आधीच थांबलेली असते. त्या दिवसानंतर बाई त्या पोराला शिकवत नसत. आत्ता त्यांचा पाय ओढ्यात होता. हात शेवाळात होते. नवऱ्याच्या जॅकेटजवळ कोणीही नव्हतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "घोटा गेला माझा."

"उठू... नकोस." फ्रेमवाले सावकाश खाली बसले. "आधी... बस."

"बसलेच आहे की मी! पाण्यात!"

"मग... बरंय. बोटं... हलव."

बाईंनी बोटं हलवली. हलली.

"मोडला नाही," ते म्हणाले. "मुरगळला." मग काठी उलटी करून तिची मूठ बायकोकडे केली. डाव्या हाताने त्यांनी झाडाचं मूळ पकडलं आणि काठीचं टोक उजव्या हातात घेतलं. बाईंनी त्या हाताकडे पाहिलं. नाही, तो नको, डावा द्या, असं तोंडात आलं होतं. पण त्यांनी मूठ धरली. उजवा हात थरथरला, सैल पडला, पुन्हा आवळला. मागून ताईंनी ढकललं, "उठ गं माझ्या म्हशी" वगैरे मंत्र म्हणत. आणि बाई काठावर आल्या.

परतीच्या वाटेवर काठी बाईंकडे होती. एका बाजूने ताई, दुसऱ्या बाजूने फ्रेमवाले, काठीशिवाय. पहिल्या ओढ्याशी ते आधी एकटे ओलांडून गेले, मग वळून उभे राहिले आणि कुठला दगड हलतो, कुठला नाही, ते सांगत राहिले. सांगायला वेळ लागत होता. बाई एका पायावर उभ्या राहून प्रत्येक शब्दाची वाट बघत होत्या.

"पूल राहिला," मध्येच ताई म्हणाल्या. "म्हणजे अटीप्रमाणे बघायला गेलं तर..."

"ताई, संत्रं खा," बाई म्हणाल्या. मग नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, एक सांगायचंय. मोबाइलवाल्याला मी बहुतेक हो म्हणून बसलेय. तुम्हाला न विचारता."

फ्रेमवाले थांबले. बाईंना वाटलं, आता काहीतरी जोरात येणार, येऊ दे. पण फ्रेमवाल्यांना कुठलीच गोष्ट जोरात म्हणता येत नव्हती, आणि त्या दिवशी बहुधा म्हणायचीही नव्हती.

"बहुतेक," ते म्हणाले, "म्हणजे... अजून... नाही म्हणायला... जागा आहे."

"मी सांगते त्याला. फोन करते आत्ताच."

"मी सांगतो."

बरोबर आणलेली शिकवायची गाडी आता चालवायची कोणी, हा पुढचा पेच. बाईंचा ब्रेकचाच पाय गेलेला. फ्रेमवाल्यांना डॉक्टरांची परवानगी नव्हती. राहिल्या ताई. त्यांच्याकडे परवाना होता, बाईंच्याच हाताखाली मिळवलेला, आणि त्यावर विश्वास फक्त सरकारने ठेवला होता. बाई शेजारच्या सीटकडे लंगडत निघाल्या, तर फ्रेमवाल्यांनी मागचं दार उघडून धरलं.

"मागे? तिथे काहीच नाही हो दाबायला!"

"म्हणूनच," फ्रेमवाले म्हणाले.

ताईंनी गाडी डोंगरातून खाली आणली. कशी आणली हे फक्त मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला ठाऊक, पण आणली. आरशात बघितलं, वळणावर भोंगा वाजवला आणि संबंध वाटेत एक अक्षर बोलल्या नाहीत. बाई मागच्या सीटवर ओल्या कपड्यांत दोन्ही हातांनी गुडघा दाबून बसल्या होत्या.

बाजारापाशी फ्रेमवाले म्हणाले, "इथे."

गाडी बोळाच्या तोंडाशी लागली. फ्रेमवाले उतरले, काठी घेतली आणि आत गेले. काचेतून बाईंना सगळं दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. मोबाइलवाला हसत बाहेर आला. फ्रेमवाले बोलायला लागले. मोबाइलवाल्याचं हसू तसंच टिकलं, मग जरा सैल पडलं, मग तो मान हलवून घाईने काहीतरी बोलला, बहुधा वाक्य त्यांच्यासाठी पुरं करून द्यायला गेला. फ्रेमवाल्यांनी डावा हात वर करून त्याला थांबवलं. आणि पुन्हा आपलं आपलं, सुरुवातीपासून.

"वहिनी, जाऊ का मी?" ताई म्हणाल्या. "त्याला पटकन सांगून येते, एका वाक्यात."

"बसा तुम्ही."

बोलणं संपायला वेळ लागला. मोबाइलवाल्याने शेवटी खांदे पाडले, मग हात जोडल्यासारखं काहीतरी केलं आणि आपल्या दुकानात गेला. फ्रेमवाले आपल्या शटरसमोर उभे राहिले. वाकले. कुलूप निघायला वेळ लागला. शटर वर ढकललं, ते कमरेइतकं आलं आणि अडकलं. मोबाइलवाला मदतीला बाहेर डोकावला. फ्रेमवाल्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एकदा ढकलून बघितलं, दुसऱ्यांदा बघितलं. मग शटर तिथेच सोडून ते त्याच्याखालून वाकून आत गेले.

आत दिवा लागला.

उघड्या कमरेइतक्या फटीतून त्यांचे पाय दिसत होते. पाय टेबलाकडे गेले, भिंतीशी गेले, परत आले. मग झाडूचं टोक दिसलं.

ताईंनी वळून मागे पाहिलं. "आता गं? थांबायचं?"

बाईंनी ओला पदर पिळला. घोटा आता चांगलाच सुजला होता आणि बुटातून काढायलाही कोणीतरी लागणार होतं.

"घरी चला, ताई," त्या म्हणाल्या. "दिवा देऊन गाडी काढा. ते येतील त्यांचं झाल्यावर."